ऊन अडवायचे कुठे? पडवीपासून सरकत्या काचेपर्यंत

काचेआड कोंडलेले ऊन किती तापू शकते, हे जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७६७ पासून केलेल्या प्रयोगांत मोजले. आतून काळी केलेली लाकडी पेटी, तिच्यावर एकावर एक बसवलेल्या काचा आणि आत तापमापी, एवढेच साहित्य. नंतरच्या एका पेटीत पारा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेला. कारण सरळ आहे. सूर्यप्रकाश साध्या काचेतून जवळजवळ अडथळ्याविना आत येतो. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या स्वच्छ काचेतून उन्हाची ८० टक्क्यांहून अधिक उष्णता आत पोचते. तो प्रकाश फरशीने, भिंतीने, गादीने शोषला की त्या वस्तू तापतात आणि अवरक्त किरणे सोडू लागतात. या किरणांना मात्र काच आरपार जाऊ देत नाही. शिवाय बंद काचेमुळे तापलेली हवाही आतच कोंडते.

दिवाणखान्याच्या भिंतीभर बसवलेले काचेचे सरकते दार म्हणजे त्या पेटीचीच मोठी आवृत्ती. आठ फूट रुंद आणि सात फूट उंच दाराचे क्षेत्रफळ सुमारे सव्वापाच चौरस मीटर भरते. मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडते. म्हणजे सावली नसलेल्या अशा दारातून अडीच किलोवॅट उष्णता घरात शिरते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. त्याची जवळपास अर्धी ताकद एकट्या दाराशी झुंजण्यात खर्ची पडते. महाराष्ट्रातल्या शहरी घरांत हे दार गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रुळले. त्याआधीच्या घरांनाही मोठी दारे होती, मोकळ्या बाजू होत्या, पण एक शिस्त कारागिरांनी मोडली नव्हती: ऊन उंबऱ्यापर्यंत येण्याआधी बाहेरच थोपवायचे.

कोकणातल्या घरात ही शिस्त सगळ्यांत ठळक दिसते. उतरते छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे येते, वळचण इतकी खाली असते की माणसाला थोडे वाकूनच पडवीत शिरावे लागते. ओटी बहुधा एका बाजूने पूर्ण उघडी. तरी भिंतीवर थेट ऊन सहसा येत नाही. त्यापुढे खळे. पावसाळा सरला की खळ्यात खांब उभे करून, वर आडवे वासे टाकून, झावळ्या पसरून मांडव घालतात आणि पाऊस तोंडावर आला की उतरवतात. खळ्याची तापणारी जमीन मांडवाखाली सावलीत राहते, त्यामुळे ओटीवर येणारा वाराही कमी तापलेला असतो. घराच्या पुढच्या भागाला दरवर्षी नव्याने मिळणारी ही सावली पावसाळ्यात उजेडाची अडचण करत नाही आणि दुरुस्तीही मागत नाही. इमारतीच्या शास्त्राने पुढे ज्याला हंगामी सावली म्हटले, ती कोकणात घरोघर होती.

घाटावर वाट वेगळी निघाली. तिथे पाऊस कमी, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक मोठा. वाड्याच्या बाहेरच्या भिंती दगडामातीच्या, जाड. खिडक्या मोजक्या आणि लहान. उजेड आणि हवा मधल्या चौकातून यायची आणि चौकाभोवतीचा सोपा किंवा ओसरी ही खोल्यांची छत्री असायची. अनेक ठिकाणी डोक्यावर मातीचे माळवद. ते दुपारचे ऊन पोटात घेई आणि उष्णता आत झिरपायला संध्याकाळ होई. तोवर बाहेरची हवा गार झालेली असे आणि माणसे माळवदावर झोपायला गेलेली असत. काच या घरांत होती, पण चैनीची वस्तू म्हणून: हंड्या, झुंबरे, आरसे. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता. उजेड खेळवण्यासाठी काच वापरणारे हे लोक बाहेरच्या दाराला मात्र लाकडाची फळीच लावत होते.

विदर्भ-खानदेशासारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखात नुसती सावली पुरत नाही. तिथे दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वाळ्याच्या मुळ्यांनी गार केलेल्या खोल्यांचा उल्लेख आहे, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत दरबारी राहणीत पक्की झाली होती. बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या दाबून बसवायच्या, चौकट दाराच्या बाहेरच्या अंगाला उभी करायची आणि दर थोड्या वेळाने पाण्याचा हबका मारायचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता हवेतून काढून घेतली जाते. झळ ताटीतून आत येईपर्यंत तिची झुळूक झालेली असते. ब्रिटिश अमलात छावण्यांतल्या बंगल्यांनी ही ताटी उचलली, तिच्यावर पाणी मारायला माणूस ठेवला आणि एकोणिसाव्या शतकात हाताने फिरवायच्या पंख्याची पेटी तिला जोडली. नागपूरच्या घरांत उन्हाळाभर घरघरणारा कूलर या पेटीचा वारस आहे. त्याच्या तीन बाजूंना वाळा किंवा लाकडाचा भुसभुशीत कीस भरलेला असतो. मुंबई आणि कोकणात हा उपाय चालत नाही. हवा आधीच ओलाव्याने जड असते, पाण्याची वाफ होता होत नाही, आणि खोली गार होण्याऐवजी दमट होते.

सगळीकडे चालला तो बांबूचा चिक. तो विणणे हे बुरुडांचे काम. पुण्यात त्यांच्या नावाची आळीच आहे. टोपल्या, सुपे, रोवळ्या यांच्याबरोबर चिकही त्याच हातांतून उतरत. ओला बांबू उभा फोडायचा, मग त्याच्या चिरफळ्या, मग काड्या. प्रत्येक काडी सुरीने तासून एकसारखी करायची, नाहीतर गुंडाळताना चिक एका बाजूला सरकतो. काड्या एकाखाली एक ठेवून सुती दोऱ्याने ओळीने बांधायच्या, कडेला जाड कापडाची पट्टी शिवायची आणि वर दोरी ओवायची. उन्हे कलली की तीच दोरी ओढून चिक वर गुंडाळता येतो. दोन काड्यांमधली फट मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यातून वारा येतो, आतल्या माणसाला रस्ता दिसतो आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. उष्णतेच्या हिशेबात या वस्तूचा खरा गुण तिच्या जागेत आहे. ऊन खाऊन काडी तापते, पण ती दाराबाहेर लटकत असल्याने तिची उष्णता वाऱ्याबरोबर बाहेरच निघून जाते. तोच चिक खोलीत, काचेच्या मागे लावला तर तापलेली काडी घरच तापवते. बुरुडाच्या या साध्या मालात जे शहाणपण आहे, ते पुढे महागड्या उपायांतही अनेकदा हरवलेले दिसते.

गोव्यात पोर्तुगीज काळात घरांच्या दारा-खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने आली. खाड्यांत मिळणाऱ्या एका चपट्या कालवाचा शिंपला घासून, चौकोनी कापून लाकडी चौकटीच्या बारीक खाचांत एकावर एक सरकवून बसवत. शिंपला पारदर्शक नसतो; त्यातून दुधाळ, पसरलेला उजेड येतो, डोळे दिपत नाहीत आणि साध्या काचेइतके ऊनही आत येत नाही. पावसाची झड तो अडवतो, तुटला तर तेवढाच तुकडा बदलता येतो. त्याच घरांपुढे खांबांचा व्हरांडा आणि प्रवेशाशी बसायचे बाल्कांव असल्यामुळे बाकीचे काम सावलीच करी. एकोणिसाव्या शतकात युरोपातून काच स्वस्तात येऊ लागली तशी शिंपल्यांची चौकट मागे पडली. आज जुन्या चर्चमध्ये आणि जपलेल्या घरांत ती पाहायला मिळते. नवी करायची तर कच्चा मालच अवघड, कारण हे कालव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे.

काच सामान्यांच्या दारापर्यंत आली ती बंगल्यांच्या आणि गिरणगावाच्या काळात. खिडकीची सपाट काच बाहेरून, बरीचशी बेल्जियममधून, जहाजाने यायची. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळालेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना काढला, आणि १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना उभा राहिला. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. पण या कारखान्यांचे नाव झाले ते कंदिलाच्या काचा आणि बाटल्यांसारख्या मालासाठी. दारे भरतील अशा मोठ्या सपाट तक्त्यांसाठी नव्हे. काच महाग आणि लहान, त्यामुळे तिची जागाही ठरलेली होती. दाराच्या वरच्या कमानीत लाल-निळ्या-हिरव्या काचांचा अर्धगोल, खिडकीच्या वरच्या झडपेत चार तावदाने, खाली आडव्या पट्ट्यांची लाकडी झिलमिली. दुपारी झिलमिली मिटायची, पट्ट्या तिरप्या करायच्या, संध्याकाळी सताड उघडायची. बंगल्याला चारी बाजूंनी व्हरांडा असल्याने ही काच उन्हात येतच नसे.

१९३० च्या दशकात मुंबईत सिमेंटची चलती झाली. १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली, आणि त्याच सुमारास बॅकबेच्या भरावावर ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको इमारतींच्या रांगा उठल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत, माटुंग्यात, शिवाजी पार्कच्या भोवती त्याच वळणाची मध्यमवर्गीय घरे आली. या इमारतींच्या खिडक्यांवरून भुवईसारखा सलग फिरणारा छज्जा ही त्यांची ओळख आहे. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमुळे आधाराशिवाय पुढे आलेली पातळ फळी ओतता येऊ लागली होती. वास्तुशिल्पींनी तिला कोपऱ्यांवर गोलाई दिली आणि बाल्कन्या तिच्याशी जुळवल्या. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण पाऊस आणि ऊन दोन्ही खिडकीपासून दूर ठेवण्याचे काम ती गेली ऐंशी-नव्वद वर्षे करते आहे. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला जागतिक वारसा मानले. त्या वारशात हा छज्जाही आला, ही रास्त गोष्ट आहे.

छज्ज्याला एक मर्यादा आहे, आणि काचेच्या दारांचा सगळा इतिहास तिच्याशी अडखळतो. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. मेच्या मध्यावर दोन्ही शहरांत सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, जूनमध्ये तो थोडा उत्तरेकडे झुकतो, आणि डिसेंबरात दुपारी दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेच्या दारावर दोन फुटांचा छज्जा फार प्रभावी ठरतो. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी सूर्य ७१ अंशांवर असताना ६० सेंटिमीटरचा छज्जा खाली पावणेदोन मीटर सावली टाकतो. सात फुटांच्या दाराचा बहुतेक भाग झाकला जातो. मे महिन्यात तर दक्षिणेच्या दाराला दुपारी ऊन लागतच नाही. पश्चिमेला हाच छज्जा हतबल होतो. पुण्यात मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजावर जेमतेम २७ अंश उंच असतो, आणि ६० सेंटिमीटरच्या छज्ज्याची सावली कशीबशी एक फूट उतरते. बाकीचे सहा फूट दार उन्हाला उघडे. सकाळी पूर्वेलाही तेच होते, फक्त हवा अजून तापलेली नसते. पश्चिमेला सावली खोल हवी, नाहीतर उभा आडोसा. पडवी, व्हरांडा आणि चिक या तिन्हींमध्ये ते होते.

काचेच्या भिंतीचा मोह जगात ज्या वर्षी जोर धरत होता, त्याच वर्षी तिचा फोलपणाही दिसला. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फ्रेड केक यांनी काचेच्या भिंतींचे ‘हाउस ऑफ टुमॉरो’ मांडले. थंडीत आतले कामगार सदऱ्यावर काम करू शकले, यातून केक यांना सूर्याच्या उबेचे मोल कळले. उन्हाळ्यात मात्र घर असह्य तापले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांची ‘सिते द रफ्यूज’ ही निराधारांसाठीची इमारत खुली झाली. तिची दक्षिणेकडची भिंत अखंड बंद काचेची होती. ठरलेली शीतयंत्रणा पैशाअभावी बसली नाही, आणि उन्हाळ्यात आतले लोक घुसमटले. पुढे तिथे उघडणाऱ्या खिडक्या आल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दर्शनी बाजूला काँक्रीटचे सूर्यरोधक बसले. ल कॉर्बुझिए यांनी त्यानंतर जन्मभर हे सूर्यरोधक वापरले, आणि भारतात ते सर्वांत समजून वापरले. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या १९५४ मध्ये पुरी झालेल्या इमारतीत पूर्वेच्या बाजूला काँक्रीटच्या फळ्या सरळ काटकोनात आहेत, पश्चिमेला त्याच तिरप्या वळवल्या आहेत, म्हणजे कललेले ऊन फळीवर आपटते आणि वारा मात्र आत येतो. १९५७ साली अमेरिकेत ओल्ग्याय बंधूंनी सूर्यरोधकांवर ग्रंथ लिहिला आणि कोणत्या दिशेला आडवी फळी, कोणत्या दिशेला उभी, हे आकृत्यांनी मोजून देण्याची रीत पडली.

मुंबईचा पेच अधिक बिकट होता. इथे समुद्र पश्चिमेला, गार वारा पश्चिमेचा, देखावाही पश्चिमेचा. आणि दुपारनंतरचे ऊन व पावसाळ्याची झोड त्याच दिशेने. पश्चिमेकडे पाठ करावी तर वारा जातो, तोंड करावे तर भट्टी होते. चार्ल्स कोरिया यांनी या पेचाचे उत्तर जुन्या बंगल्यात शोधले. राहत्या खोल्यांभोवती व्हरांड्याचे कडे असले की वारा येतो आणि ऊन-पाऊस कड्यावर थांबतात, हे त्यांनी ओळखले. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत त्यांनी हे कडे उभ्या मनोऱ्यात बसवले. ८४ मीटर उंच, २८ मजले, ३२ घरे. आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची खोल गच्ची. बैठकीचे दार या गच्चीत उघडते. गच्चीची खोली इतकी की कललेले ऊनही दारापर्यंत सहसा पोचत नाही. महाराष्ट्रातल्या उंच इमारतींमध्ये मोठ्या दाराचा प्रश्न इतका नेमका सोडवणारी दुसरी इमारत दाखवणे कठीण आहे.

त्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. अ‍ॅलिस्टेर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट तक्ते काढण्याची पद्धत १९५९ साली जाहीर केली होती. १९९० च्या दशकात पनवेलजवळ तळोज्यात अशा काचेचा कारखाना सुरू झाला आणि मोठे, निर्दोष तक्ते देशातच मिळू लागले. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, रबरी चाके आणि सरकते रूळ स्वस्त झाले. अमेरिकेत युद्धोत्तर काळात कॅलिफोर्नियाच्या घरांनी रूढ केलेले अंगणाकडचे सरकते काचेचे दार असे मुंबई-पुण्याच्या सदनिकांत आले. पण कॅलिफोर्नियाच्या चांगल्या घरांत त्या दारावर छप्पर पुढे आलेले असे. इथे नेमका उलटा प्रवास झाला. जागेचा भाव वाढला तशी बाल्कनी खोलीत घेतली जाऊ लागली, दार बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला सरकले, आणि जी खोल जागा ऊन अडवत होती तीच दिवाणखाना झाली. छज्जा आखडला किंवा उडाला. उरलेले काम यंत्रावर सोडले गेले.

त्यानंतरचे बहुतेक उपाय काचेच्या आतल्या अंगाचे आहेत. जाड अस्तराचे पडदे, झेब्रा ब्लाइंड, गुंडाळणारे कापड हे सगळे ऊन आत आल्यावर त्याला गाठतात. फिक्या रंगाचा, काचेकडून पांढरा पडदा काही ऊन परत बाहेर उडवतो, त्यामुळे तो गडद पडद्यापेक्षा बरा. गडद पडदा ऊन पितो आणि खोलीतच सोडतो. काचेवर चिकटवायची फिल्म ऊन परतवते, पण शोषणारी गडद फिल्म काच तापवते. काचेची कड चौकटीत गार आणि मध्य तापलेला असला की ताणाने काच तडकू शकते. घराला नवी दारे करताना धातूचा अदृश्य लेप दिलेली दुहेरी काच घेता येते. साध्या काचेच्या तुलनेत ती निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते, मात्र तिची किंमत मोठी. बाहेरचे उपाय अजूनही स्वस्तच आहेत: गच्चीच्या कठड्यावर चढवलेली मधुमालती, खांबांना ताणलेली शेतीतली सावलीची जाळी, आणि बांबूचा चिक. सोसायटीचे नियम दर्शनी बाजू एकसारखी राहावी म्हणून यांतले बरेच नाकारतात, ही आजची खरी अडचण आहे. नियम बदलून सगळ्या मजल्यांना एकाच नमुन्याचा चिक मंजूर करणे त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे ठरेल.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. थंड प्रदेश सोडून इतरत्र घराच्या भिंती-खिडक्यांतून, छप्पर वगळून, आत येणारी सरासरी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवावी, अशी मर्यादा तिने घातली. ही उष्णता मोजण्याच्या सूत्रात दाराची दिशा, काचेचा प्रकार, वरचा छज्जा आणि बाजूच्या उभ्या फळ्या धरल्या जातात. आतल्या पडद्याला त्या सूत्रात जागा नाही.